कच्चा लिंबू

लहानपणी वाड्यात ज्या पदव्या मिळत, त्यांतली सर्वांत आधी मिळणारी आणि सर्वांत उशिरा सुटणारी पदवी म्हणजे 'कच्चा लिंबू'. ही मिळायला परीक्षा द्यावी लागत नसे. वय कमी आणि मोठं भावंड खेळात, एवढ्या भांडवलावर काम होई. आईनं माजघरातून "त्यालाही घ्या रे खेळायला!" असा वटहुकूम काढला, की मोठी मंडळी कडू तोंडानं जाहीर करीत, "बरं बरं, तू कच्चा लिंबू." मग हा लिंबू लपंडावात सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नसे. लंगडीत बाद झाला तरी तो आतच. वरवर पाहता याहून सुखाचं आयुष्य दुसरं नाही. मोठेपणी सरकारी नोकरीत कायम झाल्यावरच असलं सुख पुन्हा मिळतं म्हणतात. तरीही सुखी असलेला एकही कच्चा लिंबू मी आजवर पाहिलेला नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तो भोकाड पसरतोच, आणि त्या भोकाडाचा मथितार्थ एवढाच असतो : माझ्यावर राज्य आणा!

बाद होण्याचा हक्क मागत रडणाऱ्या त्या पोराला नेमकं काय हवं असतं, हा प्रश्न मला साठी उलटल्यावर पडला, आणि तोही फ्लोअरबॉलमुळे.

फ्लोअरबॉल म्हणजे काय, असं तुम्ही विचारणार. विचारा. माझी एक भाची स्वीडनमध्ये असते. तिची मुलगी हा खेळ खेळते, त्यामुळे आमच्या घरात या विषयातला तज्ज्ञ म्हणून माझंच नाव घेतलं जातं. स्वीडिश भाषेत याला 'इनेबांडी' म्हणतात. हॉकीला घरात आणून, हातपाय धुवायला लावून सतरंजीवर बसवलं, तर जे होईल ते म्हणजे फ्लोअरबॉल. ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असं बंदिस्त मैदान, भोवती अर्धा मीटर उंचीच्या फळ्यांचं कुंपण, हातात प्लास्टिकची हलकी काठी, आणि चेंडू म्हणाल तर २३ ग्रॅम वजनाचा, अंगावर २६ भोकं पडलेला. आमच्याकडच्या बेसनाच्या लाडवाहून हलका. दोन्ही बाजूंनी पाच-पाच जणी पळतात आणि मागे एकेक गोलकीपर. या गोलकीपरच्या हातात काठीसुद्धा नसते. तोंडावर जाळी बांधून, गुडघे टेकून, दोन्ही हात पसरून ती बसलेली असते. लग्नघरात पाहुण्यांच्या लोंढ्यापुढे एकटी सापडलेली धाकटी सून थेट अशीच दिसते.

समोरचीच्या काठीवर काठी मारायची नाही, तिची काठी उचलायची नाही. मोडलात नियम, तर दोन मिनिटं बाहेर बसा. एकूण सभ्य खेळ आहे. २०-२० मिनिटांचे तीन भाग, आणि मध्ये खेळ थांबला की घड्याळही थांबतं. म्हणजे साठ मिनिटं ही खरोखरच साठ मिनिटं असतात. आपल्याकडच्या सभासंमेलनांना हा नियम लावला तर किती वक्ते पुढे येतील, हा विचार माझ्या मनात येऊन गेला.

स्वीडन, फिनलंड आणि स्वित्झर्लंड या तीन देशांनी मिळून १९८६ साली या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना काढली. आज आपला भारतही तिचा सभासद आहे. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा १९९७ साली फिनलंडच्या ओलांड बेटांवर झाली आणि ती स्वीडननं जिंकली. तेव्हापासून दर दोन वर्षांनी ही स्पर्धा होते. २०२३ सालापर्यंत चौदा झाल्या. त्यांतल्या १९९९ आणि २००१ च्या दोन फिनलंडनं जिंकल्या, २००५ ची सिंगापूरला झालेली स्वित्झर्लंडनं जिंकली, आणि उरलेल्या अकराच्या अकरा स्वीडननं. २००७ ते २०२३ या काळात तर सलग नऊ! आपल्या मुंबईनं १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षं रणजी करंडक घरातल्या शोकेसमध्ये ठेवला होता, त्याची आठवण व्हावी असा हा प्रकार. (तेव्हा दुसऱ्या संघांची दया आल्याचं मला आठवत नाही. पण ते आपले होते.)

तर भाचीनं एकदा फोन करून सांगितलं, "मामा, आज सामना बघच." मोबाइलवर बघायची सोय होती. मी चहाचा कप घेऊन बसलो. एका बाजूला बडा संघ, दुसऱ्या बाजूला या खेळात नुकताच पाऊल टाकलेला देश. चहा संपेपर्यंत चार गोल झाले होते. कप विसळून ठेवेपर्यंत सहा. पंधराव्या गोलाला माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं पुरे की आता! पोरी रडतील." आमच्या सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कुणाला ओरडताय?" मी म्हटलं, "स्वीडनकडच्या मुलींना." त्या म्हणाल्या, "मग जरा मोठ्यानं ओरडा, लांब आहे."

संध्याकाळी बागेतल्या बाकावर मी हा विषय काढला. आमच्या सोसायटीत एक निवृत्त हेडमास्तर आहेत. ते कुठल्याही विषयावर लगेच निकाल देतात. म्हणाले, "बलवंतानं दुर्बलावर दया करावी, हा आपला धर्म आहे. दहा गोल झाले की थांबावं." मी घरी येऊन थांबावं कसं याचा विचार करायला लागलो, आणि तुम्हाला सांगतो, झोप उडाली. कारण दया करायची म्हटलं तरी ती करायची कशी, हे कुणी सांगत नाही.

समजा, बड्या संघानं ठरवलं, की आता गोल करायचे नाहीत. मग चेंडूचं काय करायचं? आपापसांत फिरवायचा. म्हणजे समोरच्या पोरींनी धापा टाकत त्याच्यामागे पळायचं आणि यांनी तो हसत-हसत एकमेकींना द्यायचा. मांजर उंदराशी करतं ते याहून वेगळं काय असतं? मांजर तरी त्याला दया म्हणत नाही.

बरं, दुसरा उपाय. चांगल्या खेळाडूंना बसवायचं आणि राखीव मुलींना उतरवायचं. हा उपाय मला रात्री बारा वाजेपर्यंत पटला होता. बारानंतर मला ती राखीव मुलगी दिसायला लागली. दोन वर्षं बाकावर बसलेली. आजी-आजोबा गावाहून सामना बघायला आलेले. आज कधी नव्हे ती तिची वेळ आली आहे, आणि आत जाताना कोच तिच्या कानात सांगतोय, "हळू मार हं." तिनं काय पाप केलंय?

तिसरा उपाय म्हणजे गोल मारायचा, पण हसायचं नाही. सुतकी चेहऱ्यानं मारायचा. यात मारणाऱ्याचा आनंद जातो आणि खाणाऱ्याचं दुःख तसंच राहतं. म्हणजे नुकसान दुप्पट, फायदा शून्य. हा व्यवहार कुठल्याही मराठी माणसाला जमण्यासारखा आहे, पण म्हणून तो शहाणपणाचा ठरत नाही.

या खेळाच्या नियमवाल्यांनी मात्र एक गंमत केली आहे. तिसऱ्या भागात दोन संघांत दहा गोलांचं अंतर पडलं, की घड्याळ थांबवायचं नाही. चेंडू बाहेर जावो, गोल होवो, काटा आपला पळतोय. म्हणजे दया आहे, पण ती घड्याळानं करायची, खेळाडूंनी नाही! मला हे फार आवडलं. आपल्याकडे रटाळ कीर्तन लांबलं की बुवांना कुणी काही बोलत नाही, फक्त एक जण उठून आरतीचं तबक तयार करायला लागतो. तसंच हे.

दुसरी व्यवस्था गटांची. मुख्य फेरीत सोळा संघ, चार गट. पण ते चिठ्ठ्या टाकून सरमिसळ केलेले नसतात. ताकदवान देश पहिल्या दोन गटांत, नवखे देश पुढच्या दोन गटांत. बरोबरीच्यानं बरोबरीच्याशी खेळावं. मात्र नवख्या गटांतल्या पहिल्या दोघांना बक्षीस काय मिळतं ठाऊक आहे? वरच्या गटांतल्या शेवटच्या दोघांशी सामना. तो जिंकलात, तर आठांच्या फेरीत थेट बड्यांशी गाठ. म्हणजे तुमच्या गल्लीत तुम्ही पहिले आलात, की शेजारच्या गल्लीतला पैलवान तुमच्यासाठी राखून ठेवलेला. मी भाचीला म्हटलं, "हा कसला मान?" ती म्हणाली, "मामा, त्या सामन्यासाठीच तर त्या सगळा खेळ करतात. पैलवानाशी कधी खेळल्याच नाहीत, तर कळणार कसं किती अंतर आहे ते?"

अंतर कळण्याच्या बाबतीत बल्गेरियाच्या मुलींचा हात कुणी धरणार नाही. खेळ दुसरा, बर्फावरची हॉकी. पण घराणं एकच. सप्टेंबर २००८ मध्ये लॅटव्हियात ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत स्लोव्हाकियाच्या बायकांनी बल्गेरियाला ८२-० असं हरवलं. छापण्यातली चूक नाही, ब्याऐंशी. साठ मिनिटांच्या खेळात सरासरी दर ४४ सेकंदांना एक गोल. त्या फेरीतल्या चार सामन्यांत मिळून बल्गेरियानं १९२ गोल खाल्ले आणि एक केला. मला त्या ब्याऐंशीपेक्षा पुढच्या सकाळीचं कुतूहल वाटतं. त्या सकाळी त्या मुली उठल्या असतील, बूट बांधले असतील आणि पुढच्या सामन्याला गेल्या असतील. आमच्या वेळी गणितात शून्य मिळालं तर आठ दिवस पोट दुखायचं.

२०१९ साली फ्रान्समध्ये बायकांच्या फुटबॉलच्या विश्वचषकात अमेरिकेनं थायलंडला १३-० हरवलं. गोल मारले ते मारले, पण तेराव्या गोलालाही अमेरिकन मुली उड्या मारत होत्या, यावरून जगभर ओरड झाली. हे शोभतं का, म्हणाले लोक. त्यांच्या कोचबाईंनी उलट विचारलं, की पुरुषांच्या सामन्यात असं झालं असतं तर तुम्ही हे विचारलं असतं का? प्रश्न बिनतोड होता. पुरुषांनी प्रतिस्पर्ध्याला चिरडलं की आपण वर्तमानपत्रात 'धुव्वा उडवला' असा मथळा देतो आणि खाली धुव्वा उडवणाऱ्याचा हसरा फोटो छापतो. बाईनं धुव्वा उडवला की आपल्याला वाटतं, जरा सांभाळून घ्यायला हवं होतं हो. बाईनं हरावं असं कुणी म्हणत नाही. फक्त जिंकताना कुणाला लागणार नाही असं जिंकावं.

हे वाचताना मला माझी आत्या आठवली. आत्या कॉलेजात असताना कॅरममध्ये कुणाला ऐकत नसे. लग्न झालं. आतोबांनाही कॅरमचा शौक. रोज रात्री जेवणानंतर बोर्ड मांडला जाई आणि रोज आतोबा जिंकत. तीस वर्षं जिंकले. क्वीन कव्हर झाली की मिशीवरून हात फिरवून म्हणायचे, "हिला स्ट्रायकर नीट धरायला शिकवतोय, पण जमत नाही." एक दिवस ते ऑफिसातून लवकर आले, तर आत्या माझ्या चुलतभावाबरोबर खेळत होती. दाराआडून आतोबांनी पाहिलं : आत्यानं एका हातात बसल्या बैठकीला बोर्ड साफ केला.

आतोबा आठ दिवस बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, बायकोनं फसवल्याचा राग आला असेल. नवव्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "म्हणजे मी कधी जिंकलोच नव्हतो का गं?"

तीस वर्षं ज्याला आपण खेळाडू समजत होतो तो कच्चा लिंबू होता, आणि हे त्यालाच ठाऊक नव्हतं! आत्याचा हेतू सोन्यासारखा होता. पण त्या दयेनं दोघांचंही काहीतरी काढून घेतलं. तिचा खेळ गेला आणि त्यांची हार गेली. हार हीसुद्धा माणसाच्या मालकीची वस्तू असते, ती परस्पर काढून घेता येत नाही. त्या रात्रीपासून दोघं खरं खेळायला लागली. आतोबा रोज हरायचे. सव्वा वर्षानं एकदा जिंकले. वाड्यात पेढे वाटले गेले आणि आत्या म्हणाली, "मेले, किती छान खेळले आज!" त्या तीस वर्षांत तिनं त्यांना एकदाही असं म्हटलं नव्हतं.

थायलंडची पुढची गोष्ट या पेढ्यांशी जुळते. तेरा गोल खाल्ल्यावर पाचच दिवसांनी, नीस शहरात, त्यांचा सामना होता स्वीडनशी. पुन्हा हरल्या, ५-१. पण तो 'एक' पाहा. सामना संपता-संपता कांजना सुंगन्गोएन या मुलीनं गोल केला, आणि बाजूला बसलेल्या त्यांच्या मॅनेजरबाईंना रडू आवरेना. निकाल तर केव्हाच लागला होता. त्या एका गोलानं गुणांच्या कोष्टकात काडीचा फरक पडला नाही. मग ते रडू कशाचं? मला वाटतं, तो गोल खरा होता याचं. स्वीडननं सोडलेला नव्हता, थायलंडनं मिळवलेला होता. दयेपोटी सोडलेल्या गोलावर सभ्य माणूस टाळ्या वाजवतो, रडत नाही.

शिवाय दया करायची म्हणजे समोरचा नक्की हरणार, हे आधी ठाऊक असावं लागतं. आणि तिथंच घोटाळा आहे. २०१९ च्याच डिसेंबरात स्वित्झर्लंडमध्ये न्यूशाटेलला फ्लोअरबॉलच्या विश्वस्पर्धेची सेमीफायनल होती. चेक मुली यजमानांच्या पुढे होत्या, ६-२. शेवटची तीनेक मिनिटं उरली होती. आमचे हेडमास्तर तिथं असते तर म्हणाले असते, "बाळांनो, आता पुरे, त्यांच्याच घरात त्यांना किती लाजवायचं?" त्या तीन मिनिटांत स्विस मुलींनी चार गोल केले, आणि जादा वेळेत सातवा करून ७-६ असा सामना घेतला. फायनलला स्वीडननंही त्यांना जादा वेळेतच, ३-२ असं, कसंबसं हरवलं. दुबळा कोण, हे सामना संपल्याशिवाय ठरत नाही.

आणि बलवंतानं थांबायचं नाही, तसं दुबळ्यानंही उठून जायचं नाही. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडच्या संघाविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. तेव्हाचा जागतिक विक्रम ब्रॅडमनचा, ४५२. नऊ धावा कमी. मधल्या सुट्टीत काठेवाडच्या कप्तानांनी, म्हणजे राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढं खेळायला नकार दिला आणि सामना सोडून संघ परत नेला. निंबाळकर कसोटी सामना कधीच खेळले नाहीत, आणि त्या नऊ धावा आजतागायत पुण्याच्या हवेत तरंगताहेत. ठाकूरसाहेबांना संघाची अब्रू वाचवायची होती. गंमत अशी, की त्यांनी आणखी दोन षटकं टाकली असती तर 'ज्यांच्याविरुद्ध विश्वविक्रम झाला तो संघ' म्हणून त्यांचं नाव आदरानं घेतलं गेलं असतं. आता घेतो तेव्हा आपण हसतो. ब्याऐंशी गोल खाऊन साठावं मिनिट मैदानावर काढणाऱ्या बल्गेरियन मुलींची अब्रू मला या राजेसाहेबांपेक्षा शाबूत वाटते.

मग दया करायचीच नाही का? असं कसं? पाच वर्षांच्या नातवाला बुद्धिबळात चौथ्या चालीत मात देणाऱ्या आजोबाला मी माणसात धरणार नाही. पण नातू ज्या दिवशी डोळे बारीक करून विचारतो, "आजोबा, तुम्ही मुद्दाम हरलात ना?" त्या दिवशी दयेची मुदत संपते. ज्यानं 'मला मोजा' म्हटलं, त्याला मोजलंच पाहिजे, मग बेरीज कितीही वाईट येवो. आपल्या देशाचं नाव पाठीवर लावून जी मुलगी जागतिक स्पर्धेला येते, तिनं 'मला मोजा' असं भरल्या मैदानात सांगितलेलं असतं.

दया सामन्याच्या आधी करावी. शिकवायला माणसं पाठवावीत, जुन्या काठ्या द्याव्यात, सरावाला बोलवावं. सामना संपल्यावरही करावी. मधली साठ मिनिटं तेवढी तिनं बाहेर बाकावर बसावं. हेडमास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुमचं म्हणणं क्रूर आहे, पण बरोबर असावं." शिक्षकाकडून इतके गुण मला शाळेतही मिळाले नव्हते.

त्या दिवशीचा सामना मी शेवटपर्यंत पाहिला. दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. या स्पर्धेत जिंकलेल्या संघातल्या उत्तम खेळाडूला बक्षीस देतात, तसं हरलेल्या संघातल्याही एकीला देतात. हरलेल्यांकडून गोलकीपरचं नाव पुकारलं गेलं. ती पुढे आली, तोंडावरची जाळी वर केली. केस घामानं कपाळाला चिकटलेले, आणि चेहऱ्यावर हसू. सकाळपासून मी जिची कीव करत होतो ती हीच. तिला ते बक्षीस कच्चा लिंबू म्हणून मिळालं नव्हतं. साठ मिनिटं तिच्यावर राज्य होतं, आणि तिनं ते एकदाही खाली टाकलं नव्हतं.